चिलटांची बखर

ऑक्टोबरच्या मध्यावर कधीतरी टीव्हीवरचा हवामानवाला सांगतो की आज रात्री पारा चाळिसाच्या खाली जाणार, आणि न्यू जर्सीतल्या शेकडो मराठी घरांत एकाच संध्याकाळी एक स्थलांतर होतं. डेकवरची तुळस, कढीपत्ता, मोगरा, कोणाकडे गवती चहा, कोणाकडे हौसेनं लावलेलं लिंबू, सगळी वरात आत येते. तुळशीचं लग्नसुद्धा इथे बहुधा लिव्हिंग रूममध्ये, सोफा सरकवूनच लागतं. आणि मग थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला ती दिसायला लागतात. बारीक, काळी, डासाची धाकटी भावंडं शोभावीत अशी चिलटं. कुंडीला पाणी घातलं की मातीतून उठतात, खिडकीच्या काचेवर चालतात, आणि नेमकी पाहुण्यांच्याच चहात पडतात.

निदान मग पाहुणेच करतात. अमेरिकन शेजारी असला तर सौजन्यानं विचारतो, "हे रोप तुम्ही भारतातून आणलंत का?" आपल्यातलाच कोणी असला तर सौजन्य वगळून तेच म्हणतो. हा प्रश्न मला झोंबला. किडा दिसला की तो बाहेरून आला असणार, आणि तुम्ही बाहेरचे म्हणजे तुमच्याबरोबरच आला असणार, हे गणित इतक्या सहज कसं मांडलं जातं? त्या चिडीतून मी लायब्ररीच्या वाऱ्या सुरू केल्या. कुंडीतल्या मातीला एवढा मोठा इतिहास असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आधी ओळख करून घेऊ, कारण कुंडीत दिसणारा प्रत्येक जीव चिलट नसतो आणि प्रत्येकावर हत्यार उपसायची गरज नसते. पाणी घातल्यावर मातीच्या पृष्ठभागावर, किंवा खालच्या ताटलीतल्या पाण्यात, पांढरे-राखाडी ठिपके टणाटण उड्या मारताना दिसले तर ते स्प्रिंगटेल. त्यांना पंख नसतात. पोटाखाली दुमडून ठेवलेली एक शेपटीवजा काडी असते, ती सुटली की स्वारी हवेत. कुजलेलं पान आणि बुरशी हा त्यांचा आहार. तुळशीला त्यांचा काही त्रास नाही. मुळांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकणाचा मुळावर राहणारा भाऊबंद, आणि तो मात्र खरा शत्रू. रोप कुंडीतून काढून मुळं धुतल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. आणि उडणारी, दोन ते चार मिलिमीटरची, लांब पायांची काळी चिलटं म्हणजे फंगस नॅट. भिंग असेल तर पंख बघा. पंखाच्या मधोमध इंग्रजी 'वाय'सारखी शीर असते. केळ्यांवर घोंघावणारी तांबूस डोळ्यांची माशी वेगळी, तिचा कुंडीशी संबंध नाही, तो प्रश्न फळांच्या टोपलीचा आहे.

चिलट स्वतः काही खात नाही म्हटलं तरी चालेल. आठवडाभर जगतं, ओल्या मातीत शे-दीडशे अंडी घालतं आणि मरतं. खाण्याचं काम अळीचं. काचेसारखी पारदर्शक पांढरी अळी, डोकं तेवढं काळं चकचकीत. बुरशी, शेवाळ, कुजका पाला यांवर तिचं भागतं, पण अळ्यांची गर्दी झाली की कोवळी मुळं कुरतडते. मोठ्या रोपाला ते सोसतं, मंजिरीतून नुकत्याच उगवलेल्या तुळशीच्या रोपाला सोसत नाही. खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची एक चकती मातीवर टेकवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या असतील तर चकतीखाली जेवायला बसलेल्या सापडतील. हा प्रयोग ग्रीनहाऊसवाले पूर्वीपासून करत आले आहेत, घरच्या मुलांनाही भलता आवडतो.

आता बखरीकडे वळू.

स्प्रिंगटेलची कुळी सगळ्यांत जुनी. त्यांना 'कोलेंबोला' हे शास्त्रीय नाव दिलं जॉन लबक या इंग्रज गृहस्थांनी, १८७० साली. हे डार्विनचे शेजारी, पेशानं बँकर, पार्लमेंटचे सभासद, आणि उरलेल्या वेळात किडे बघणारे. १८७१ सालचा बँक हॉलिडेचा कायदा यांनीच आणला. म्हणजे ज्या माणसानं इंग्रजांना हक्काची सुट्टी मिळवून दिली, त्यानंच १८७३ साली या उड्या मारणाऱ्या ठिपक्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा स्प्रिंगटेल सापडला, त्याचं वर्णन १९२६ साली हर्स्ट आणि मौलिक या दोघांनी केलं. हे मौलिक म्हणजे ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे आपले समरेंद्र मौलिक, बंगाली कीटकशास्त्रज्ञ. फुलं नव्हती, पक्षी नव्हते, डायनासोर व्हायला अजून कोट्यवधी वर्षं होती, तेव्हा हा जीव ओल्या मातीत उड्या मारत होता. अलीकडे शास्त्रज्ञ त्याला काटेकोर अर्थानं कीटकही म्हणत नाहीत, वेगळ्या गटात घालतात. त्याला त्याचं काही नसावं.

चिलटांच्या घराण्याची कीर्ती मात्र जरा भयप्रद आहे. जर्मनी, पोलंडच्या जंगलांत यांच्या एका जातीच्या अळ्या हजारोंच्या संख्येनं एकमेकींना चिकटून, कित्येक फूट लांबीचा दोर करून जमिनीवरून सरकतात. लांबून राखाडी सापच वाटावा. तिकडचे लोक याला 'हेअरवुर्म' म्हणजे सैन्य-अळी म्हणत आणि तो दिसला की युद्ध किंवा दुष्काळ येणार असं मानत. कोणत्या दिशेला सरकतोय यावरून शकुन सांगत. १८६८ साली त्या जातीला नाव मिळालं तेही 'मिलिटारिस'. आपल्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात, तसाच हा प्रकार.

आणि आता माझ्या शेजाऱ्यासाठी महत्त्वाची नोंद. आपल्या कुंड्यांत सर्रास आढळणाऱ्या चिलटांपैकी एक प्रमुख जात शास्त्राच्या दप्तरात प्रथम दाखल केली ती न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ जोसेफ लिंटनर यांनी, १८९५ साली, इथल्याच पूर्व किनाऱ्यावर. त्यानंतर १९०९ ते १९१२ या काळात ऑस्कर योहान्सन यांनी मेन राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्रातर्फे उत्तर अमेरिकेतल्या या चिलटांची यादीच छापली. तेव्हा या देशात मराठी माणसं किती होती, ती बोटांवर मोजता यावीत. तुळशीची कुंडी तर कोणाच्या खिडकीत असण्याचा संभव फारच कमी.

एवढंच नाही, या क्षुल्लक चिलटानं विज्ञानाला मोठं दान दिलं आहे. चार्ल्स मेट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकापासून लिंटनरची ही जात प्रयोगशाळेत पाळली. त्याच्या लक्षात आलं की काही माद्यांना सगळ्या मुलीच होतात आणि काहींना सगळे मुलगेच. आणि नर आपल्या शुक्रपेशी तयार करताना बापाकडून आलेली गुणसूत्रं शोधून टाकून देतो, आईची तेवढी ठेवतो. पण कोणतं बापाचं आणि कोणतं आईचं हे त्या पेशीला कळतं कसं? १९६० साली हेलन क्राऊस या बाईंनी मांडलं की गुणसूत्रावर ते कोणाकडून आलं याचा ठसा असतो, आणि त्यासाठी 'इम्प्रिंटिंग' हा शब्द वापरला. आज माणसांच्या काही आनुवंशिक आजारांबद्दल डॉक्टर हाच शब्द वापरतात. आपल्या मंडळातल्या डॉक्टर मंडळींना तो परिचयाचा असेल, पण त्याचा उगम चहात पडणाऱ्या चिलटात आहे हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

तर मग बाहेरून किडे येतात हे खोटंच का? नाही. तिथे मात्र शेजाऱ्याच्या प्रश्नाला फार खोल मूळ आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय विमानतळावरच्या त्या फॉर्मवरचा मातीबद्दलचा प्रश्न आपल्याला नुसता जाच वाटत राहील.

१८२९ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये राहणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरानं एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचं काय झालं ते सोडा, त्या मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं उगवलं आणि बंद बाटलीत पाणी न घालता टिकून राहिलं. वॉर्डनं यावरून काचेची पेटी तयार केली आणि १८३३ साली तशा पेट्या रोपं भरून जहाजाच्या उघड्या डेकवर ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपं जिवंत पोचली. त्याआधी समुद्रप्रवासात खाऱ्या वाऱ्यानं बहुतेक रोपं मरत. आता जगाची झाडं हलायला लागली. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयात आणली ती याच पेट्यांतून. आपण आज 'चहा घेणार का' म्हणून ज्या आपुलकीनं विचारतो, त्यात या पेटीचा वाटा आहे.

पण पेटीत फक्त रोप नसतं, माती असते. आणि माती म्हणजे चिमूटभर जंगलच. १८७८ साली लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या ग्रीनहाऊसमध्ये एक लांबलचक, फावड्याच्या आकाराच्या डोक्याचा चपटा जंत सापडला. नाव पडलं 'क्यू'चं, पण मुळचा तो आग्नेय आशियाचा. कुंडीतल्या मातीत बसून आला होता, गांडुळं खात होता, आणि आज जगभर पसरला आहे.

खरा दणका बसला तो फ्रान्सला. १८६०च्या दशकात तिथले द्राक्षाचे मळे कारण न कळता वाळायला लागले. मेलेल्या वेलाची मुळं उकरली तर काही दिसेना. १८६८ साली प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत, हिरव्या दिसणाऱ्या वेलाची मुळं उकरली, तेव्हा भिंगाखाली पिवळ्या उवांची रांग दिसली. फिलॉक्सेरा. मेलेलं मूळ सोडून या उवा शेजारच्या जिवंत मुळाकडे निघून जात, म्हणून इतके दिवस चोर सापडत नव्हता. ही उवा अमेरिकेतून गेली होती, हौसेनं मागवलेल्या अमेरिकन वेलांच्या मुळांवर बसून. जहाजं वाफेवर चालायला लागल्यामुळे प्रवास इतका आखूड झाला की ती वाटेत मरेना. म्हणजे इथे चित्र उलटं होतं, परका किडा अमेरिकन होता आणि देशोधडीला लागले ते फ्रेंच शेतकरी. उपायही अमेरिकेतूनच आला, अमेरिकन मुळावर फ्रेंच वेलाचं कलम. आज नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागा टेक्सासच्या 'डॉगरिज' खुंटावर उभ्या असतात, तिथे कारण पाण्याचं आणि क्षारांचं, पण युक्ती तीच. या फिलॉक्सेरापायीच १८७८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला देशादेशांत करार झाला. झाडांबरोबर किडे पाठवायचे नाहीत असं जगानं पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते तिथे.

अमेरिकेत मात्र त्यानंतरही बरीच वर्षं कोणी काही अडवत नव्हतं. आणि याचा फायदा आपल्या पुण्यालाही झाला. १८८९ साली अमेरिकेच्या कृषिखात्यानं पुण्याहून आंब्याची कलमं मागवली. ती फ्लोरिडात लावली. थंडीच्या कडाक्यात बाकीची गेली, 'मुलगोबा' जातीचं एक झाड तगलं. त्याच्या कोयीपासून १९०२ साली लावलेल्या रोपातून निघाला तो 'हेडन' आंबा, आणि हेडनच्या कोयीपासून 'टॉमी ॲटकिन्स'. दुकानात लालबुंद दिसणारा आणि घरी आणल्यावर जीव नकोसा करणारा जो दोराळ आंबा आपण वर्षानुवर्षं शिव्या घालत खातो, त्याची आजी पुणेकर आहे! असो. ती कलमं मुळांभोवतीच्या मातीसकट आली आणि कोणी त्यांची झडती घेतल्याचं वाचनात नाही. पुढे आपल्याच हापूसला कोयीतल्या भुंग्यापायी आणि फळमाशीपायी या देशाचं दार वर्षानुवर्षं बंद राहिलं. ते उघडलं २००७ साली, लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्ग देऊन आलेल्या पेट्यांनी.

दार बंद कोणी केलं? कॅन्ससमधल्या मॅनहॅटन नावाच्या गावात एकत्र वाढलेल्या दोन मित्रांची ही गोष्ट आहे. एक डेव्हिड फेअरचाइल्ड, सरकारचा 'वनस्पती शोधक'. जगभर हिंडून नवी झाडं अमेरिकेत आणायची हे त्याचं काम. दुसरा चार्ल्स मार्लाट, सरकारचा कीटकशास्त्रज्ञ. फळबागांचा नाश करणाऱ्या सॅन होजे खवल्या किडीचं मूळ गाव शोधायला तो बायकोला घेऊन १९०१ साली जपान-चीनच्या दौऱ्यावर गेला. त्या प्रवासानंतर आजारानं बायको गेली. परदेशी किड्यांविरुद्धची त्याची पुढची जन्मभराची लढाई पाहताना हे विसरता येत नाही.

१९०९ साली टोकियो शहरानं अमेरिकेला चेरीची दोन हजार झाडं भेट पाठवली. फेअरचाइल्डची ही हौस होती. झाडं जानेवारी १९१० मध्ये वॉशिंग्टनला पोचली, कृषिखात्यानं तपासली, तर मुळांवर गाठी, खोडात पोखरणाऱ्या अळ्या, फांद्यांवर खवले. मार्लाटच्या खात्यानं सांगितलं, जाळा. राष्ट्राध्यक्ष टाफ्टनं संमती दिली आणि २८ जानेवारीला मैत्रीच्या त्या भेटीची होळी झाली. जपाननं मोठ्या मनानं पुन्हा, या वेळी निवडून, धुऊन, धुरी देऊन, तीन हजारांवर झाडं पाठवली. २७ मार्च १९१२ रोजी त्यातली पहिली दोन लावली गेली. दर वसंतात आपण मुलांना घेऊन गाड्या भरभरून वॉशिंग्टनला जातो ते या दुसऱ्या खेपेच्या वंशाकडे बघायला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वनस्पती क्वारंटाईनचा कायदा झाला, आणि १ जून १९१९ पासून 'क्वारंटाईन ३७' हा आदेश लागू झाला. बहुतेक परदेशी रोपवाटिकांचा मालच त्यानं बंद केला, मातीसकट येणारी झाडं तर दूरच. आपल्याकडे हिंदुस्थान सरकारनंही असाच कायदा १९१४ मध्ये केला होता. फेअरचाइल्ड अखेरपर्यंत म्हणत राहिला की मित्रानं देशाभोवती भिंत बांधली.

दोघांत कोण बरोबर? मी यावर पुष्कळ विचार केला. मार्लाटच्या बाजूचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. १९१६ साली न्यू जर्सीतल्या रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत तपासनिसांना डझनभर चकचकीत हिरवे-तांबूस भुंगे मिळाले. हाच तो जपानी भुंगा. कायदा होण्याआधी आयरिसच्या कंदांबरोबर, मातीतल्या अळीच्या रूपात तो आला असावा असं मानतात. ही अळी म्हणजे आपल्या शेतकऱ्यांची हुमणीच, त्याच कुळातली. पाऊस पडल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगे झोडपून गोळा करणारी माणसं ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कंदाभोवतीच्या मातीच्या ढेकळातून आलेला हा पाहुणा आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत आहे. गुलाबाची चाळण झालेली पानं आणि लॉनवरचे तपकिरी डाग, हे सगळं एका ढेकळाचं देणं.

तेव्हा माती अडवणं योग्यच आहे. गावाकडच्या वृंदावनातली मूठभर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सूटकेसमध्ये ठेवावीशी वाटणं मला समजतं, पण ती परवान्याशिवाय आणता येत नाही आणि आणूही नये. कढीपत्त्याचंही तसंच. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा 'ग्रीनिंग' रोग पसरवणारी किडी कढीपत्त्यावर राहते. तो रोग २००५ साली फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांची काय दशा झाली ते ज्यूसच्या कार्टनच्या किमतीवरून कळतंच.

पण फेअरचाइल्डचंही माझ्या मनातून जात नाही. त्या काळातले लेख वाचताना किड्यांसाठी वापरलेले शब्द, 'परके', 'घुसखोर', 'आक्रमक', आणि त्याच वर्षांत माणसांसाठी वापरलेले शब्द एकच असल्याचं दिसतं. १९२४ साली आशियातून येणाऱ्या माणसांना या देशाचं दार जवळजवळ बंद झालं, 'क्वारंटाईन ३७'नंतर पाच वर्षांनी. दोन्हींची कारणं निराळी होती हे मान्य. तरी भाषेची सवय लागते. 'जपानी' भुंगा म्हणणाऱ्या माणसाला समोरचं चिलट 'इंडियन' वाटायला फार वेळ लागत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या प्रश्नात दुष्टपणा काही नव्हता, ही सवय होती.

मग ही चिलटं येतात कुठून? बऱ्याचदा आपण इथल्याच दुकानातून विकत आणलेल्या पॉटिंग मिक्सच्या पिशवीतून, किंवा उन्हाळाभर डेकवर असताना बाहेरच्या बागेतून. आणि घरात ती सुखानं नांदतात त्यालाही इतिहास आहे. पूर्वी कुंडीत बागेचीच माती घालत. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांची प्रिमुलाची रोपं मरायला लागली, तेव्हा त्यांनी माती वाफेनं निर्जंतुक करून, ठरावीक मापात वाळू आणि पीट घालून मिश्रण तयार केलं. १९६०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठानं तर माती पूर्ण काढूनच टाकली, पीट आणि व्हर्मिक्युलाईट किंवा परलाईट, बस्स. हलकं, स्वस्त, तणविरहित. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्या या कुळातल्या. पण पीट म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. ते ओलं राहतं, त्यावर बुरशी येते, आणि चिलटाला आणखी काय हवं? आपण मातीसारखं दिसणारं पण माती नसलेलं काहीतरी कुंडीत भरतो आणि गावाकडच्या मातीला घालावं तसं रोज तांब्याभर पाणी घालतो. रोज सकाळी तुळशीला पाणी घालणं हा आपला संस्कार अंगणातल्या, उन्हातल्या वृंदावनासाठी होता. न्यू जर्सीच्या जानेवारीत, खिडकीतल्या तुळशीला आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. ज्यांना रोज पाणी वाहायचंच आहे त्यांनी पळीभर वाहावं. वरचा इंच-दीड इंच थर वाळू दिला आणि ताटलीतलं पाणी ओतून टाकलं, की अर्धी लढाई तिथेच संपते. अळीला कोरड्यात जगता येत नाही.

उरलेल्या अर्ध्या लढाईची हत्यारं पिढ्यापिढ्यांनी बदलली. जुन्या इंग्रजी बागकामात कुंडीतले जंत काढायला चुन्याची निवळी ओतत, किड्यांसाठी तंबाखूचं पाणी. आपल्याकडे सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरपालानं संस्कृतात 'वृक्षायुर्वेद' लिहिला. त्यात झाडांच्या किडींवर वेखंड, वावडिंग, मोहरी असे लेप आणि धुऱ्या सांगितल्या आहेत. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होतं. भातावरच्या 'खैरा' रोगाचं कारण जस्ताची कमतरता हे दाखवून देणारे डॉ. यशवंत नेने यांनी ते मिळवलं, नलिनी साधले यांनी इंग्रजीत आणलं, आणि १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. तंबाखूच्या पाण्याच्या वाटेला मात्र घरात जाऊ नका, निकोटिन हे जहाल विष आहे आणि तुळशीचं पान आपण तोंडात टाकतो. त्याच कारणानं दुकानातली कुठलीही रासायनिक पावडर तुळशीच्या मुळाशी घालू नये.

कडुनिंब आहेच. त्यातलं अझाडिरॅक्टिन १९६८ साली इंग्लंडात वेगळं काढलं गेलं. ते अळीला कात टाकू देत नाही, म्हणून ती वाढतच नाही. कडुनिंबाचं पहिलं कीटकनाशक अमेरिकेत १९८५ साली नोंदलं गेलं, आणि बुरशीवरच्या कडुनिंबाच्या वापराचं युरोपातलं पेटंट २००० साली रद्द झालं, त्यावरचं अपील २००५ साली फेटाळलं गेलं. हळदीच्या लढाईइतकी तिची चर्चा आपल्याकडे झाली नाही.

पण चिलटाच्या अळीवरचं सर्वांत नेमकं औषध सापडलं ते इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात. थुरिंगिया या जर्मन प्रांतात बर्लिनर नावाच्या शास्त्रज्ञाला १९११ साली पिठातल्या पतंगाच्या अळ्या मारणारा एक जिवाणू मिळाला होता, म्हणून त्याचं नाव 'थुरिंजिएन्सिस'. १९७६ साली योएल मार्गालिथ आणि लिओनार्ड गोल्डबर्ग नेगेव्हमध्ये डासांच्या जागा तपासत होते. कोरड्या नदीपात्रातल्या एका डबक्यावर त्यांना डासांच्या मेलेल्या अळ्यांचा थर तरंगताना दिसला. त्या पाण्यात याच जिवाणूचा नवा प्रकार निघाला, त्याला 'इस्राएलेन्सिस' म्हणतात. डास, काळी माशी आणि आपली चिलटं यांच्या अळ्यांच्या पोटात तो स्फटिक विरघळून आतडं फाडतो. माणसाच्या, कुत्र्या-मांजराच्या, मधमाशीच्या पोटात तसं होत नाही. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या रोगाविरुद्धच्या मोहिमेत तो वापरला गेला. मार्गालिथना २००३ साली टायलर पारितोषिक मिळालं. नेगेव्हमधल्या दिमोना, बीरशेबा या गावांत कोकणातून गेलेले आपले बेने इस्राएली बांधव राहतात आणि त्यांच्या घरांत अजून मराठी ऐकू येते. त्यांच्या परिसरातल्या डबक्यातलं औषध आता आपल्या तुळशीला उपयोगी पडतं.

हे औषध दुकानात डासांसाठी म्हणून, वड्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळतं. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे दाणे अर्धा तास पाण्यात भिजवायचे, गाळायचे आणि पाणी घालायचा दिवस असेल तेव्हा साध्या पाण्याऐवजी ते घालायचं. एकदा घालून भागत नाही. अंड्यापासून चिलट व्हायला घरातल्या उबेत तीन-चार आठवडे लागतात, औषध फक्त अळीला लागू पडतं, तेव्हा आठवड्याच्या अंतरानं चार वेळा तरी घालावं. तोवर उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद कुंडीत खोचून ठेवा. दुसरा पर्याय सूक्ष्म कृमींचा. या युक्तीचा एक धागा आपल्याच राज्यातला आहे. रुडॉल्फ ग्लेझर यांना १९२९ साली न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डजवळ जपानी भुंग्याच्या मेलेल्या हुमणीत असे कृमी मिळाले होते. चिलटांसाठी त्यांची वेगळी जात टपालानं मागवता येते. ती जिवंत असते, त्यामुळे पार्सल आलं की फ्रिजमध्ये ठेवावं आणि त्यावर ठळक अक्षरांत मराठीत लिहून ठेवावं, नाहीतर घरातलं कोणीतरी ते यीस्ट समजून नानच्या पिठात घालायचं.